मोज्याशिवाय घालायचे बूट

शटर अर्धंच वर गेलं होतं, तेवढ्यात लवंगी रस्ता ओलांडून धावत आली.

"काका, समोर बघा."

"आधी दुकान उघडू दे."

"दुकान कुठं पळून जात नाही. समोर बघा म्हणते ना!"

दुकानदाराने मान वळवली. रस्त्यापलीकडे समोरच्याचं दुकान होतं. समोरच्याला नाव होतं, पण या दुकानात ते कुणी घेत नसे. 'समोरचा' म्हटलं की भागायचं. त्याची काच गेला आठवडाभर कागदाने झाकलेली होती. आज कागद निघाला होता.

काचेत पुतळे ओळीने उभे होते. अंगात भाजक्या विटेच्या रंगाचे लिननचे शर्ट, बटणं पट्टीखाली लपवलेली. खाली सैल पॅन्ट, पट्ट्याऐवजी कमरेला दोन्ही बाजूंनी बटणं. पायाशी लाकडी ठोकळ्यांवर बूट मांडलेले, टोकं रस्त्याकडे करून, आत कागदाचे बोळे भरून. एका अखंड कातड्यातून कापलेला बूट, एकच शिवण, तीही आतल्या बाजूला. वर मोठी पाटी होती: 'नवा उन्हाळा. मोज्याशिवाय घाला.'

दुकानदार किल्ली हातात धरून तसाच उभा राहिला.

ते सगळं त्याच्या बायकोचं होतं. शर्ट तिचा, पॅन्ट तिची, बूट तिचा. शेवटच्या वर्षभरात तिने ते उभं केलं होतं. आधी दुकानात उभं राहून, मग खुर्चीत बसून, मग पलंगावर पडून. हिवाळ्यात ती गेली. जाण्याआधी तिने एवढंच मागितलं होतं, "माझ्या मागे दुकान विकायचं तर विका. पण हा उन्हाळा लावा आणि मग विका."

तो माल मागच्या खोलीत टांगून ठेवला होता. अजून दोन दिवसांनी तो काचेत लागायचा होता. आता लावला असता तर येणारं जाणारं माणूस म्हणालं असतं, समोरच्याची नक्कल केली.

"आत ये," तो लवंगीला म्हणाला. "आणि तोंड बंद ठेव."

लवंगी त्याच्याकडे विक्रीला होती. अंगाने एवढीशी आणि जिभेने तिखट, म्हणून बायकोनेच तिला ते नाव ठेवलं होतं. तोंड बंद ठेवणं तिला जमलं असतं तर ती लवंगी कसली.

"मी काय केलंय? मी तर सांगायला आले."

"सगळ्यांच्या आधी तुलाच कसं दिसलं?"

"सगळ्यांच्या आधी मीच येते म्हणून."

दुकानदार पायऱ्या चढला. डावा पाय त्याला जरा ओढून घ्यावा लागे. लहानपणी तो मोडला होता आणि वाकडा सांधला गेला. तेव्हापासून बोटभर आखूड. घरात त्या पायाचं नाव काढायची कुणाची टाप नव्हती. डाव्या बुटात तो स्वतःच कॉर्कचा तुकडा सरकवी. तुकडा सरकत राही आणि चाल तिरकी ती तिरकीच. बूट बारा महिने काळे आणि जड, मोजे बारा महिने लोकरीचे. लवंगी एकदा गिऱ्हाइकांसमोर बोलून गेली होती, "उन्हाळी बूट विकतात कोण, तर हिवाळी मोजेवाले काका." बायको हसली होती. तो हसला नव्हता.

गडबड ऐकून धाकटा वरच्या मजल्यावरून खाली आला. दुकानदाराचा भाऊ. शर्ट-पॅन्टची खरेदी तो बघे, बुटांचा विभाग नवरा-बायकोचा. त्याने येताना दोन कप चहा आणला होता. एक दादापुढे ठेवला.

"दादा, आधी हे घे. रात्रीपासून पोटात काही नाही तुझ्या."

"समोर बघितलंस?"

"वरच्या खिडकीतून बघितलं. त्याच्या उंबऱ्यावर मी पाय ठेवणार नाही, सांगून ठेवतो. नीच माणूस. काहीसुद्धा सोडलं नाही त्याने. बटणपट्टी आपली, एकशिवणी बूट आपला, निळं अस्तर आपलं. वहिनींचं नाव तेवढं पुसलं."

"तिचं नाव तू आता घेऊ नकोस."

"बरं. नाही घेत."

दुकानदाराने मागच्या खोलीतलं बुटांचं कपाट उघडलं. किल्ली त्याच्या गळ्यातल्या दोऱ्यात होती, दुसरी नव्हती. एकेक जोड फडक्यातून काढून त्याने पाहिला. सगळे जागच्या जागी होते. वर कोवळं कातडं, आत फिकट तपकिरी अस्तर, टाचेवर हात फिरवला की शिवण लागत नव्हती. नमुन्यातला एकही जोड बाहेर गेलेला नव्हता.

मग समोरच्याने बनवलं कशावरून?

"फोटो," धाकटा दारात उभा राहून हळूच म्हणाला. "हल्ली प्रत्येकाच्या खिशात फोन असतो. मी कुणाचं नाव घेत नाही. पण लवंगी मागच्या आठवड्यात समोरच्या मॅनेजरबरोबर कॉफी पीत होती. मी डोळ्यांनी बघितलं."

लवंगीला बोलावलं गेलं.

"समोरच्या मॅनेजरला भेटलीस?"

"भेटले."

"कशाला?"

"त्याने बोलावलं म्हणून. नोकरी देत होता."

"मग?"

"मग कॉफी प्यायले आणि नाही म्हणून आले. कॉफी चांगली होती."

"नाही का म्हणालीस?"

"काकूंना शब्द दिला होता. उन्हाळा लागेपर्यंत जाणार नाही म्हणून. तुमच्यासाठी थांबले असं वाटत असेल तर मनातून काढून टाका."

"फोन दे."

"देणार नाही."

"का?"

"माझा आहे म्हणून. चोर म्हणायचं असेल तर सरळ म्हणा, फोनच्या आडून नको."

"चोर," दुकानदार म्हणाला. "जा. परत येऊ नकोस."

लवंगीने गळ्यातली मोजपट्टी काढली आणि गल्ल्यावर टाकली. दारात ती वळली. तिचे डोळे भरले होते, आवाज मात्र तसाच होता.

"चोरी त्या काचेत आहे काका. जाऊन हातात घेऊन बघा तरी. ते सोडून आपलीच माणसं हाकलत बसलात."

धाकट्याने सुस्कारा टाकला. "जाऊ दे दादा. गेली ते बरं झालं."

दुपारी मेहुणा आला. बायकोचा भाऊ. बहीण गेल्यापासून तो या दुकानात आला की भांडायलाच येई. आज तो आत आलाच नाही, दारातच उभा राहिला.

"झालं का समाधान भाऊजी?"

"तुला कुणी सांगितलं?"

"सगळ्या बाजाराला माहीत आहे. ताईने अंथरुणावर पडून जे केलं ते समोरचा विकतोय आणि तुम्ही इथं आत खुर्ची उबवताय."

"आनंद झालेला दिसतोय तुला."

"झालाच. कुणाच्या का होईना, काचेत तर लागलं. तुमच्याकडे ते मागच्या खोलीत कुजलं असतं. ती आजारी असताना तिला म्हणालो होतो, माझ्या घरी चल, विश्रांती घे. तुम्ही सोडलं नाहीत तिला."

"ती स्वतः गेली नाही."

"तुमच्यासमोर कुणी स्वतः काही ठरवतं का?"

दुकानदार उठला. "दवाखान्यात असताना तिची शाल आणायला तू घरी गेला होतास. तिचं कपाट तू उघडलंस. तिच्या वह्या, आकृत्या सगळं त्यात होतं."

मेहुण्याचा चेहरा लाल झाला. तो दोन पावलं पुढे आला. क्षणभर वाटलं, हात उचलणार.

"शाल वरच्या कप्प्यात होती. ती घेतली आणि दार लावलं. तिच्या वस्तूंना मी हात लावला नाही. तुमच्यात तेवढी धमक नव्हती, म्हणून ती गेल्यावर कपाट रिकामं करायला तुम्ही भावाला पाठवलंत. मला विचारलंसुद्धा नाही. मी सख्खा भाऊ तिचा."

तो निघून गेला.  दुकानदाराने कोट चढवून रस्ता ओलांडला.

समोरच्याच्या दुकानात गार हवा होती आणि नव्या कातड्याचा वास. समोरचा स्वतः पुढे आला. सुटाबुटातला, तुकतुकीत, तोंडभर हसणारा.

"या, या! शेजारी असून कधी पायधूळ नाही झाडलीत. वहिनींचं ऐकून वाईट वाटलं."

"बूट दाखव."

"कुणासाठी?"

"माझ्यासाठी."

समोरच्याने त्याच्या काळ्या बुटांकडे पाहिलं आणि ओठ दाबून हसला. "हे तरुणांचे आहेत हो. मोज्याशिवाय घालायचे. पण असू दे, शेजारी आहात. बसा."

दुकानदार बसला. आपलं माप सांगितलं. बूट समोर आला तेव्हा त्याने आधी आत पाहिलं. आत गडद निळं अस्तर होतं.

तो थबकला. काहीतरी खटकलं, पण काय ते लगेच हाताला लागलं नाही.

"अस्तर छान आहे," तो म्हणाला.

"मूळ तसंच आहे. म्हणजे, आमची मूळ कल्पनाच तशी आहे."

"बनवून कुठं घेतले?"

"आमची माणसं आहेत. डावा एकाकडे, उजवा दुसऱ्याकडे, असं रात्रंदिवस काम करून घेतलं. जसाच्या तसा पाहिजे, केसाचाही फरक चालणार नाही, असं बजावलं होतं मी."

"कशाच्या जसाच्या तसा?"

समोरच्याचं हसू जरा आखडलं. "आकृतीच्या. घालून बघा ना."

दुकानदाराने मोज्यावरच बूट चढवले. उठला. समोरच्या भिंतीला उंच आरसा होता. तो आरशाकडे चालत निघाला.

आणि मध्येच थांबला.

आरशातला माणूस सरळ चालत होता.

दोन्ही खांदे एका पातळीत होते. डावा पाय ओढावा लागला नव्हता. त्याने परत फिरून पाहिलं. पुन्हा आरशाकडे आला. पन्नाशी उलटलेला तो माणूस, शाळेत जायला लागल्यापासून असा कधी चालला नव्हता.

"चावतात का?" समोरच्याने विचारलं.

"नाही," दुकानदार म्हणाला. "बांधून दे."

आपल्या मागच्या खोलीत येऊन त्याने दार लावून घेतलं. कातडं कापायची सुरी काढली आणि दोन्ही बुटांचे तळ सोलले. उजव्यात नेहमीचा पुठ्ठा आणि कातडं. डाव्यात पुठ्ठा, कातडं आणि त्या दोघांमध्ये टाचेपासून पुढे उतरत गेलेली कॉर्कची पाचर. बाहेरून दिसणार नाही अशी, कडा घासून मिळवलेली.

त्याने ती पाचर बोटाने मापली. बोटभर.

मग सुरी खाली ठेवून तो निघाला.

कारागिराचं काम करायचं ठिकाण बाजाराच्या मागच्या गल्लीत होतं. बायकोचे सगळे नमुने त्यानेच शिवले होते. दुकानदार आत गेला तेव्हा त्याने मान वर केली नाही.

"ऐकलं मी," तो खिळा ठोकत म्हणाला. "आणि तुम्ही येणार हेही माहीत होतं. आधी ती पोरगी, आता मी. मी कुणाला काही विकलेलं नाही. पटत नसेल तर चालायला लागा."

"नमुन्यांशिवाय आणखी एक जोड केला होतास का?"

हातोडी थांबली.

"निळ्या अस्तराचा?" दुकानदार म्हणाला.

कारागिराने आता वर पाहिलं. नजरेत राग होता.

"आता आठवण झाली का शेठ? हिवाळ्यापासून वाट बघतोय मी. त्या जोडाइतकं जीव ओतून मी दुसरं काही केलेलं नाही. कॉर्क चार वेळा घासली. वहिनी पलंगावर पडून बोटं फिरवून सांगायच्या, इथं अजून, इथं कमी. आणि तुम्ही? बरे आहेत की वाईट, एक शब्द? रोज तेच काळे खटारे घालून माझ्या दारावरून जाता. मी म्हटलं, असू दे, मोठी माणसं."

"मला तो जोड मिळालाच नाही."

"म्हणजे?"

"ती मला तो कधी देणार होती?"

 कारागिराने हातातली हातोडी खाली ठेवली.

"उन्हाळ्याचा माल काचेत लागेल त्या दिवशी. म्हणाल्या, त्या दिवशी हे घालून त्यांनी दुकानभर हिंडायचं, गल्ल्यामागे लपायचं नाही. सांगू नका म्हणाल्या, म्हणून मी बोललो नाही. मी स्वतः घरी नेऊन त्यांच्या हातात दिला. त्यांनी माझ्यासमोर कपाटात ठेवला, सगळ्यात खालच्या कप्प्यात. दुकानाच्याच नमुन्याच्या फडक्यात गुंडाळून, वर नमुन्याची चिठ्ठी लावली. कुणी बघितला तरी कळायला नको म्हणून."

"अस्तर निळं का?"

"मी पण तेच विचारलं. उन्हाळी बुटाला गडद अस्तर कुणी घालतं का? अनवाणी पाय, त्यात घाम, संध्याकाळपर्यंत पाय निळा. वहिनी हसल्या. म्हणाल्या, आमचा माणूस मोजे काढतोय होय? त्यांना चालेल. त्यांच्या शर्टाचा रंग आहे हा, पहिल्यांदा बघितलं तेव्हाच्या."

दुकानदार दाराकडे वळला.

"जाताना दार ओढून घ्या," कारागीर म्हणाला. आवाज तेवढा रागीट राहिला नव्हता.

दुसऱ्या दिवशी दुकान उघडलं नाही. दुकानदाराने सगळ्यांना बोलावलं. लवंगी यायला तयार नव्हती. तो तिच्या घरी गेला आणि दारातच म्हणाला, "चूक माझी झाली. ते सगळ्यांसमोर म्हणायचंय." मग ती आली, पण बसली नाही. मेहुणा आला तो हाताची घडी घालून. कारागीर मागे उभा राहिला. धाकटा चहाचा ट्रे घेऊन वरून खाली आला.

"चहा ठेव," दुकानदार म्हणाला. "बस."

त्याने समोरच्याकडून घेतलेला बूट टेबलावर ठेवला, पालथा.

"लवंगे, आपल्या उन्हाळी बुटाचं अस्तर कोणत्या रंगाचं?"

"हा काय प्रश्न आहे? फिकट तपकिरी."

"निळं का नाही?"

"मोज्याशिवाय घालायचा बूट आणि निळं अस्तर? गिऱ्हाइकाचे पाय रंगतील. काकू पहिल्या दिवसापासून सांगायच्या."

"मेहुण्या, तू सांग. अस्तर कोणतं?"

"बुटाच्या आत कोण बघतं भाऊजी? मला काय माहीत?"

"बरोबर. तुला माहीत असायचं कारण नाही." त्याने बूट सुलटा केला. आतला निळा रंग वर आला. "समोरच्याच्या सगळ्या बुटांना हे अस्तर आहे. चपला-बुटांच्या धंद्यातला शहाणा माणूस असं करणार नाही. त्याने केलं, कारण त्याच्या हातात जो नमुना गेला त्यात ते होतं, आणि त्याने जसाच्या तसा करा म्हणून सांगितलं होतं. आपल्या कपाटातल्या एकाही नमुन्यात निळं अस्तर नाही. म्हणजे नमुना या दुकानातून गेलेला नाही. फोटोही नाही."

लवंगीने नाक मुरडलं. "हे काल समजलं असतं तर."

"काल समजलं नाही. आता ऐक. समोरच्याच्या प्रत्येक जोडात आणखी एक गोष्ट आहे. डाव्या तळात कॉर्कची पाचर आहे. उजव्यात नाही. डावा एकाने शिवला, उजवा दुसऱ्याने, दोघांनी एकमेकांचं काम बघितलं नाही. समोरच्याला अजून पत्ता नाही. तो आख्ख्या गावाला एका पायाने उंच करतोय."

कुणी हसलं नाही. दुकानदाराने डावा पाय पुढे घेतला. ज्या गोष्टीबद्दल तो घरात कधी बोलला नव्हता, ती आता बोलायची होती.

"निळं अस्तर ज्याला चालेल, म्हणजे जो मोजे कधी काढत नाही. आणि ज्याचा डावा पाय बोटभर आखूड आहे. असा माणूस मला एकच माहीत आहे. तो जोड तिने माझ्यासाठी करून घेतला होता. घरच्या कपाटात, खालच्या कप्प्यात ठेवला होता. मला ठाऊक नव्हतं."

मेहुण्याने हाताची घडी सोडली.

"ते कपाट तिच्याशिवाय दोघांनीच उघडलं. तू शाल नेलीस, वरच्या कप्प्यातली. आणि नंतर," तो धाकट्याकडे वळला, "मी ज्याला पाठवलं त्याने."

"दादा, काहीतरीच काय?" धाकट्याने ट्रे बाजूला सरकवला. "कपाट मी आवरलं हे खरं. पण मी असा जोड बघितलाच नाही."

"काल सकाळी तू मला काय म्हणालास?"

"काय म्हणालो?"

"'निळं अस्तर आपलं.' इथं उभा राहून म्हणालास."

"ते समोर बघून म्हणालो."

"कुठून बघून?"

"वरच्या खिडकीतून."

"बुटांची टोकं रस्त्याकडे आहेत, आत कागदाचे बोळे. रस्त्यावर काचेला नाक लावून उभा राहिलास तरी आतलं दिसत नाही. वरच्या मजल्यावरून, एवढ्या लांबून तर प्रश्नच नाही. आत तू गेला नव्हतास. त्याच्या उंबऱ्यावर पाय ठेवणार नाही, हे तूच सांगितलंस. आणि आपल्या बुटांचं अस्तर निळं नाही हे तुला माहीत नव्हतं, कारण आपला उन्हाळी बूट तू आयुष्यात एकच हातात घेतलास."

 धाकट्याने एकदा दाराकडे पाहिलं. दारात कारागीर होता.

"चिठ्ठी होती त्यावर," तो शेवटी म्हणाला. "नमुन्याची. मला वाटलं, एक जास्तीचा नमुना घरी राहिलाय. कुणाला कळणार नाही. शर्ट-पॅन्ट तर माझ्याच ताब्यात होत्या."

"आणि पाचर?"

"मला दिसली नाही. शपथ घेऊन सांगतो, दिसली नाही."

"हाताला जाडी लागली नाही? एकाच घरात, एकाच पंगतीत वाढलास. माझा पाय तुला दिसला नाही?"

"तू दिसू दिलास कधी?" धाकटा उसळला. आवाजातला गोडवा पहिल्यांदाच गेला होता. "सगळं आयुष्य तुझ्या मागे चहा घेऊन उभा राहिलो. दुकान विकू म्हटलं, नाही. भाड्याने देऊ म्हटलं, नाही. समोरचा जागा मागत होता, मला त्याच्याकडे वरची नोकरी देत होता. तुला वहिनींचा उन्हाळा लावायचा होता. मग मला वाटलं, उन्हाळाच राहिला नाही तर तू सोडशील हे. एवढंच होतं ते."

"एवढंच," मेहुणा म्हणाला आणि पुढे सरला.

दुकानदाराने त्याला हाताने अडवलं. "नको. तिला आवडलं नसतं."

"तुम्हाला काय ठाऊक तिला काय आवडलं असतं?" मेहुणा सवयीने म्हणाला. मग त्याची नजर टेबलावरच्या निळ्या अस्तराकडे गेली आणि तो खाली बसला.

दुकानदार लवंगीसमोर जाऊन उभा राहिला. "मी तुला चोर म्हणालो. ते खोटं होतं. या सगळ्यांसमोर माफी मागतो."

"परत येईन," लवंगी म्हणाली. "पण हा चहा यापुढे कुणी प्यायचा नाही. मी करीन."

"तो जोड कुठं आहे?" दुकानदाराने धाकट्याला विचारलं.

धाकटा खाली बघत होता. "नक्कल करायला उसवावा लागतो दादा."

"कुठं आहे?"

"त्यांच्याकडे. तुकडे आहेत."

"घेऊन ये. आणि मग वरच्या खोल्या रिकाम्या कर."

पुढचं फार लांबलं नाही. चारेक दिवसांत समोरच्याच्या दारात लोक पाय दाखवत उभे राहिले, घोट्यापर्यंत निळे. कुणी कंबर धरून आलं होतं. एक गिऱ्हाईक तर त्याच्या तुकतुकीत फरशीवर पाय आपटून विचारत होतं, ही जमीन तिरकी आहे की मी? समोरच्याने काच पुन्हा कागदाने झाकली. कागद निघाला तेव्हा आत छत्र्या होत्या.

या दुकानात उन्हाळा ठरल्यापेक्षा उशिरा लागला. शर्ट, पॅन्ट, बूट, सगळं तिने ठरवलं होतं तसं. अस्तर फिकट तपकिरी. मेहुणा पहिल्या दिवशी आला, काचेसमोर उभा राहिला आणि न भांडता गेला. दुकानदार गल्ल्यामागे बसून होता, जुने काळे बूट घालून.

तुकडे एका पिशवीत आले होते. कारागिराने ते टेबलावर मांडले आणि उजवा पुन्हा शिवला. शिवण पहिल्यासारखीच बसली. डाव्याचं कातडं मात्र उसवताना टाचेपाशी फाटलं होतं, आणि पाचर सापडलेली नाही; नकलेतली वापरायला कारागीर तयार नाही. कारागीर म्हणतो, दुसरी घासून देतो, पण तळावर कुठं अजून आणि कुठं कमी ते सांगायला कुणीतरी हवं.

दुकानदाराने अजून सांगितलेलं नाही. त्यासाठी मोजे काढून पाय त्याच्या हातात द्यावा लागेल.

उजवा बूट गल्ल्याखाली ठेवला आहे. डावा शिवायचा राहिला आहे.